तो आमचा नाही

ही हकीकत १९९३-९४ सालची आहे आणि तिच्यात माझी बाजू पडती आहे, हे आरंभीच सांगून टाकलेले बरे. तीस वर्षे मी ती कोणाला सविस्तर सांगितली नाही. प्रसंग तसा क्षुल्लक. एक कुत्रा, चार शेळ्या आणि दोन घरे, एवढाच त्याचा पसारा. पण शेजारधर्माविषयी मी जो काही थोडाबहुत विचार केला आहे, तो या प्रसंगापाशी येऊन पुनःपुन्हा अडतो.

वसईच्या किनारपट्टीवरील आमच्या आळीत तेव्हा पंधरा-सोळा घरे होती. घरामागे केळीची वाडी, वाडीच्या टोकाला बावखल, आणि दोन घरांच्या मध्ये मेंदीचे नाहीतर अडुळशाचे कुंपण. कुंपणाला जागोजागी खिंडारे असत आणि ती बुजवण्याची कोणाला घाई नसे. कारण विरजणाची वाटी, कढीपत्त्याची डहाळी आणि घरोघरच्या बातम्या त्याच वाटेने ये-जा करीत. पलीकडच्या घरी एक विधवा काकी राहत. त्यांचा मुलगा मुंबईला नोकरीला. अंधारात निघे नि अंधारात परते. दिवसभर काकींना सोबत असे ती चार शेळ्यांची. नाताळ-ईस्टरला एखादा बोकड विकला जाई आणि त्या पैशांत घरातले बरेच काही भागे.

१९९३च्या पावसाळ्यात एक तांबूस पिल्लू भिजून आमच्या ओट्यावर आले. त्याला कोणी आणले नव्हते, कोणी मागितलेही नव्हते. मुलांनी त्याला पोत्यावर निजवले, माशाच्या कालवणात कालवलेला भात घातला आणि तिसऱ्या दिवशी त्याचे नाव मोती ठेवले. लस टोचावी, पट्टा आणावा, असे आमच्यापैकी कोणाच्या मनातही आले नाही. डिसेंबरपर्यंत तो चांगला उंच झाला. नाताळच्या आदल्या आठवड्यात, केळीचे घड कापायला रात्री वाडीत शिरलेल्या चोरांवर तो असा तुटून पडला की ते कोयता टाकून पळाले. पुढच्या रविवारी मिस्सा सुटल्यावर चर्चच्या आवारात मी चारचौघांना ही गोष्ट रंगवून सांगितली. ‘आमचा मोती’ हे शब्द त्या दिवशी माझ्या तोंडी कितीदा आले असतील कोण जाणे.

१९९४च्या उपवासकाळात एके संध्याकाळी काकी खिंडाराशी येऊन उभ्या राहिल्या. लहानपणी मला अरे-तुरे करणाऱ्या काकी, मी शाळेत नोकरीला लागल्यापासून मला ‘मास्तर’ म्हणत.

“मास्तर, तुमचा मोती माझ्या शेळ्यांच्या पाठी लागतो. एक गाभण आहे. दिवसाचा जरा बांधून ठेवाल का?”

मी म्हणालो, “काकी, तो आमचा कुठे? आळीचा कुत्रा आहे तो. येतो, जेवतो, जातो. मी त्याला कसा बांधू?”

त्या क्षणभर उभ्या राहिल्या, आणि “बरं” एवढेच म्हणून परत फिरल्या.

माझ्या उत्तरात शब्दशः खोटे असे काही नव्हते. मोतीच्या गळ्यात पट्टा नव्हता, ग्रामपंचायतीत त्याची नोंद नव्हती, मी त्याला विकत घेतला नव्हता. दोन महिन्यांपूर्वी तो आमचा होता आणि आता आळीचा झाला होता, एवढाच काय तो फरक. आणि तो फरक कोणत्या क्षणी पडला हे माझ्याखेरीज कोणी सांगू शकले नसते. चोर पळवणारा कुत्रा आपला, शेळ्या पळवणारा सर्वांचा. मालकी अशी सोयीप्रमाणे घालता-काढता येते, हे तोवर माझ्या ध्यानात आले नव्हते.

‘पाळणे’ हे मराठीतले मोठे विलक्षण क्रियापद आहे. आपण गाय पाळतो, कुत्रा पाळतो. आणि शब्दही पाळतो, आज्ञा पाळतो, पथ्य पाळतो, वेळ पाळतो. एकच क्रियापद दोन्हीकडे कसे गेले ते भाषापंडितांनी सांगावे. मला एवढे दिसते की दोन्ही ठिकाणी पाळणाऱ्याने स्वतःला काहीतरी बांधून घेतलेले असते. दावे जनावराच्या गळ्यात असते खरे, पण त्याचे दुसरे टोक कोणाच्या तरी हातात असावे लागते आणि तो हात तेवढ्यापुरता मोकळा राहत नाही. आम्ही मोतीला पाळले नव्हते. जेवू घातले होते. जेवू घालणे सोपे. त्यात माया असते, मुलांचा आनंद असतो, उरलेल्या भाताची सोय असते. आपण असिसीच्या संत फ्रान्सिसची आणि गुब्बिओच्या लांडग्याची कथा मुलांना सांगतो, तेव्हा संताने लांडग्याला ‘भाऊ’ म्हटले यावरच भर देतो. पण त्या कथेत एक करारही आहे. गावाने लांडग्याला रोज अन्न द्यायचे, लांडग्याने माणसाला वा जनावराला इजा करायची नाही, आणि हे चौकात सर्वांसमक्ष ठरायचे. लांडगा पंजा पुढे करून तसे वचन देतो. आमच्या ओट्यावर त्या करारातला अर्धाच भाग चालू होता.

पुढे काय झाले ते सांगतो. ईस्टरनंतरच्या एका दुपारी शेळ्या बावखलाच्या काठी बांधलेल्या होत्या. मोती आणि पलीकडच्या पाड्यावरचे आणखी दोन कुत्रे तिकडे गेले. एकटा असताना ओट्यावर लोळणारा कुत्रा दोघा-तिघांच्या संगतीत निराळाच होतो, आणि पळणारे जनावर दिसले की त्याचे पाय आपोआप सुटतात, हे कुत्री ठेवणारा कोणीही सांगेल. गाभण शेळी खुंटा उपटून दावे-खुंट्यासकट पळाली, चरात पडली, उठून पुन्हा पळाली. कुत्र्यांनी तिला तोंड लावले नाही. त्या रात्री ती गाभडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकी रस्त्याने वळसा घेऊन आमच्या अंगणात आल्या. हातात टोपली होती. टोपलीत केळीच्या पानावर दोन करडे होती, अंगावर पुरते केस न आलेली. टोपली त्यांनी ओट्यावर, बरोबर मोतीच्या पोत्याशेजारी ठेवली.

“बघ रे,” त्या म्हणाल्या. कित्येक वर्षांनी तो ‘रे’ आला होता.

आणि मी, शिकलासवरलेला मनुष्य, काय बोललो? “काकी, शेळीच्या अंगावर चावल्याची खूण आहे का? शेळी गाभडायला दहा कारणे असतात.” हेही खोटे नव्हते. रोगानेही शेळ्या गाभडतात. ही त्या पळापळीनेच गाभडली हे सिद्ध करून दाखवणे कठीण होते. सत्य विधानांची अशी भिंत रचून तिच्यामागे उभे राहता येते. इंग्लंडात १९५३ साली कुत्र्यांपासून पाळीव जनावरांच्या रक्षणासाठी एक कायदा झाला, तो मी बऱ्याच वर्षांनी वाचला. त्यात जनावरावर हल्ला करणे एवढाच अपराध धरलेला नाही. इजा होईल किंवा मादी गाभडेल असा पाठलाग करणे हाही अपराध, आणि मेंढरांच्या कुरणात कुत्रा मोकळा सोडणे हाही अपराधच. ते वाचताना ती टोपली माझ्या डोळ्यांपुढे आली. चावल्याची खूण मागणारे माझ्यासारखे तिथेही असणार, त्याखेरीज कायद्याला इतके बारकाईने लिहावे लागले नसते.

या विषयाचा मी पुढे जरा नाद घेतला. बगदादनजीक तेल हरमल येथे १९४०च्या दशकात मातीच्या लिखित पाट्या सापडल्या. एश्नुन्ना नावाच्या राज्याचे कायदे त्यांवर आहेत आणि ते सुमारे ३८०० वर्षांपूर्वीचे मानले जातात. त्यांत एक कलम कुत्र्याविषयी आहे. कुत्रा चावरा असेल, वस्तीच्या कारभाऱ्यांनी तसे मालकाला कळवले असेल, तरीही मालकाने त्याला आवरले नाही आणि तो चावून माणूस दगावला, तर मालकाने ४० शेकेल चांदी मोजावी, असे ते कलम आहे. हम्मुराबीच्या संहितेत मारक्या बैलाविषयी हेच सूत्र आढळते. रस्त्याने चालता चालता बैलाने एकाएकी शिंग मारले तर दावा चालत नाही. पण बैल मारका असल्याचे वस्तीने सांगूनही मालकाने शिंगे झाकली नाहीत वा बैल आवरला नाही, तर दंड. आपल्या बायबलात निर्गमाच्या २१व्या अध्यायाच्या अखेरीस जो बैलांचा कायदा आहे, तो आपल्यापैकी बहुतेकजण दहा आज्ञांनंतर घाईघाईने ओलांडून जातात. एकाच्या बैलाने दुसऱ्याचा बैल मारला तर जिवंत बैल विकून पैसे दोघांनी निम्मे-निम्मे घ्यावेत आणि मेलेलाही वाटून घ्यावा. मात्र तो बैल मारका असल्याचे आधीपासून ठाऊक असूनही मालकाने त्याला कोंडले नसेल, तर मालकाने बैलाच्या बदली पुरता बैल भरून द्यावा.

या कायद्यांतील दंडाच्या रकमांपेक्षा मला त्यांतला सांधा महत्त्वाचा वाटतो. सर्व काही ‘त्याला ठाऊक होते काय?’ यावर फिरते. ठाऊक नव्हते तोवर ती आपत्ती. शेजाऱ्याची आपत्ती म्हणून तिचा निम्मा भार आपण उचलायचा. अपराध कोणाचा हे ठरण्याची वाटही तिथे पाहायची नाही. ठाऊक झाल्यावर मात्र तो सगळा भार आपला. काकींनी खिंडाराशी उभे राहून जे एक वाक्य उच्चारले, त्या वाक्याने मोतीच्या पायांतली सगळी धाव माझ्या खात्यावर मांडली गेली होती. ‘तो आमचा नाही’ या उत्तराने मी कुत्रा नाकारला असे मला वाटत होते. वास्तविक मी ते कळणे नाकारीत होतो.

पण या जुन्या कायद्यांतली आणखी एक गोष्ट मला उशिरा दिसली. एश्नुन्नात आणि हम्मुराबीच्या राज्यात मालकाला सांगणारा कोण? ज्याची शेळी मेली तो सांगत नाही. वस्ती सांगते. यात मोठे शहाणपण आहे. एका विधवेने एका मास्तराला सांगितलेली गोष्ट तक्रार ठरते, आणि तक्रारीला उत्तर देण्याची बुद्धी मास्तराला लगेच सुचते. तीच गोष्ट आळीतल्या चार कर्त्या माणसांनी ओट्यावर बसून सांगितली असती, तर मी पट्टा आणायला त्याच दिवशी बाजारात गेलो असतो, हे मी स्वतःला ओळखून सांगतो. भाऊ चुकला तर आधी एकट्याने जाऊन सांगावे, न ऐकल्यास एक-दोघांना सोबत न्यावे, तरीही न ऐकल्यास मंडळीला सांगावे, हा प्रभू येशूने मत्तयाच्या शुभवर्तमानात सांगितलेला क्रम आपल्याला परिचित आहे. काकींनी पहिली पायरी बिनचूक केली. दुसऱ्या पायरीला त्यांच्यासोबत येणारे कोणी नव्हते.

का नव्हते? मोतीला शेळ्यांमागे धावताना अर्ध्या आळीने पाहिले होते. विहिरीवर त्याची चर्चा होत होती, हे मला नंतर कळले. पण जो तो म्हणे, “कशाला वाईटपणा घ्या?” वाईटपणा घेणे हा शब्दप्रयोग मोठा बोलका आहे. जणू वाईटपणा ही कोठेतरी ठेवलेली वस्तू आहे आणि जो बोलेल त्याला ती उचलावी लागते. आम्ही सगळे त्या वस्तूला वळसा घालून चालत होतो. मीही याआधी दुसऱ्यांच्या बाबतीत तसाच चाललो होतो; खालच्या घराच्या मोकाट म्हशीने वाड्यांतली भाजी खाल्ली तेव्हा मी तोंड उघडले नव्हते. अशा न बोलण्याला आपण खेड्यात शांतता म्हणतो. शेवटी तो वाईटपणा, सर्वांत कमी बळ असलेल्या माणसाच्या वाट्याला येतो. नाहीतर असा कोणी एक जण तो उचलतो, जो रात्रीचा येतो आणि बोलत नाही.

मे महिन्यात एका पहाटे मोती बावखलाच्या पायरीवर मेलेला सापडला. तोंडाला फेस होता, पाय ताठले होते. कोणीतरी अन्नातून विष घातले होते. कोणी, ते मला आजही ठाऊक नाही. त्या दिवसांत आळीत कोंबड्याही नाहीशा होत होत्या आणि पलीकडच्या पाड्यावरचे ते दोन कुत्रेही त्याच आठवड्यात मेले. तेव्हा हे काम कोणाचेही असू शकेल. १३८६ साली फ्रान्समधल्या फालेझ गावी एका डुकरिणीवर खटला चालवून तिला फाशी दिल्याची नोंद आहे. आपण त्याला हसतो. निदान तिथे खटला तरी झाला. मोती ज्या वादात मेला, त्या वादात त्याची बाजू कोणती हे कोणी विचारले नाही. माणसांनी न पाळलेल्या गोष्टींचा दंड त्याने भरला.

मुले रडत होती. धाकटी सात वर्षांची होती. तिने विचारले, “बाबा, कोणी मारले त्याला?” मी कुंपणाकडे पाहिले आणि म्हणालो, “ज्यांना तो नको होता त्यांनी.” नाव घेतले नाही. आठवी आज्ञा मला पाठ आहे. शब्दशः मी कोणावर खोटी साक्ष दिली नाही. पण मुले माझी नजर वाचू शकत होती. त्याच दुपारी त्यांनी खिंडारात बोरीच्या काट्या आणून कोंबल्या आणि मी त्यांना अडवले नाही. त्या वर्षी नाताळला करंज्यांचे ताट इकडून गेले नाही, तिकडून आले नाही.

कायद्याने यात काय केले असते, असा प्रश्न सुशिक्षित वाचकाला पडेल. फारसे काही नाही. १८७१च्या गुरांच्या अतिक्रमणाच्या कायद्यातील व्याख्येत शेळ्या आणि करडे येतात, कुत्रा येत नाही. काकींची शेळी माझ्या केळीत शिरती तर मी तिला कोंडवाड्यात घालण्याची भाषा करू शकलो असतो. माझा कुत्रा त्यांच्या शेळीमागे लागला तर त्याला कोंडवाडा नव्हता. दंडसंहितेचे २८९वे कलम जनावराबाबत हयगय करणाऱ्याला शिक्षा सांगत असे, पण माणसाच्या जिवाला धोका किंवा जबर दुखापतीचा संभव असेल तरच. १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहितेचे २९१वे कलम त्याच्या जागी आले. दंडाची मर्यादा एक हजारावरून पाच हजार रुपयांवर गेली, शेळी मात्र तिथेही आलेली नाही. जनावराला विष घालून मारणे तेव्हाही गुन्हा होता, आजही आहे. भटक्या कुत्र्यांची नसबंदी व लसीकरण यांचे नियम २००१मध्ये झाले, २०२३मध्ये नव्याने झाले. २२ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, कुत्र्यांना रस्त्यात वाटेल तिथे अन्न घालू नये, त्यासाठी ठराविक जागा नेमाव्यात, असा आदेश दिला. त्यावर वृत्तपत्रांतून दोन्ही बाजूंनी पुष्कळ कडवट लिहिले गेले. अन्न घालणारे निर्दय नव्हते आणि तक्रार करणारेही निर्दय नव्हते. ते वाचताना मला आमचा ओटा आणि ती टोपली, दोन्ही दिसत राहिले.

काकी माझ्याशी पुन्हा बोलल्या त्या १९९७ साली. माझी पत्नी तापाने अंथरुणावर होती. काकी पेजेचे भांडे घेऊन आल्या, रस्त्याने वळसा घेऊन, कारण खिंडार काट्यांनी भरले होते. मी त्यांना ओट्यावर बसवले. बराच वेळ शब्द जुळवून मी म्हणालो, “काकी, त्या वेळच्या करडांचं...”

“जाऊ दे मास्तर,” त्या म्हणाल्या. “पुढच्या खेपेला तिला तीन झाली.”

मोतीविषयी विचारण्याचे धैर्य मला झाले नाही, आणि खरे म्हणजे तो हक्कही मला नव्हता. त्या गेल्यावर मी खिंडारातल्या काट्या काढल्या. काकी २००६ साली वारल्या. करडांचे पैसे मी त्यांना कधी दिले नाहीत. पेज आणणाऱ्या बाईच्या हातावर पैसे ठेवणे मला जमले नाही, अशी सबब मी स्वतःला देत आलो.

हे आता लिहिण्याचे कारण असे. मागच्या महिन्यात धाकटी माहेरी आली होती. ओट्यावर ती आपल्या मुलाला मोतीची गोष्ट सांगत होती. तो भिजत आला, त्याने चोर पळवले, आणि मग “पलीकडच्या आजीने त्याला विष घातले.” तिने ते इतक्या सहजतेने सांगितले, जणू ते तिने डोळ्यांनी पाहिले होते. तीस वर्षांपूर्वी मी जी नजर कुंपणापलीकडे टाकली होती, ती अजून मोकळी फिरत होती आणि आता ती माझ्या नातवापर्यंत आली होती. मी तिला थांबवले आणि वर लिहिले ते सर्व तिला सांगितले, टोपलीसकट. ती गप्प बसून राहिली. मग म्हणाली, “बाबा, हे तुम्ही आधी का नाही सांगितलंत?”

नातवाला कुत्र्याचे पिल्लू हवे आहे. सुट्टी संपेपर्यंत ते आमच्याकडेच राहणार, असे ठरले आहे. पलीकडे आता काकींची सून असते. दोन शेळ्या आहेत, त्यांतली एक गाभण. पिल्लू आणण्यापूर्वी मी धाकटीला आणि नातवाला तिकडे पाठवले, आमच्याकडे कुत्रा येतो आहे, तो आमचा आहे, काही झाले तर पहिल्याच दिवशी सांगा, असा निरोप घेऊन. खिंडाराच्या जागी हल्ली सिमेंटची भिंत आहे, म्हणून ती दोघे रस्त्याने गेली. सुनेने सगळे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, “दुपारचा बांधाल ना?”